शनिवार, दुपारी चारची तारीख : प्रिन्स रिव्हर्स आणि हॅम्बर्ग, जुलै १८७६

प्रकरण थोडक्यात

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील हॅम्बर्ग या गावी ६ जुलै १८७६ रोजी, गुरुवारी, दंडाधिकारी प्रिन्स रिव्हर्स यांच्यापुढे रस्ता अडवल्याची एक किरकोळ फिर्याद सुनावणीस आली. आरोपीने न्यायासनापुढे आवाज चढवला, त्याच्यावर अवमानाचा ठपका आला आणि सुनावणी अर्ध्यावर तहकूब होऊन शनिवारी दुपारी चारची तारीख पडली. त्या शनिवारी खटला चाललाच नाही. संध्याकाळी गोळीबार सुरू झाला, रात्री नदीपलीकडून तोफ आणली गेली आणि मध्यरात्रीनंतर पकडलेल्या माणसांपैकी काहींना निवडून, एकेकाला बाहेर काढून गोळ्या घालण्यात आल्या. या प्रकरणात सात कृष्णवर्णीय आणि एक गोरा अशा आठ जणांचा जीव गेला.

इतिहासात ही घटना हॅम्बर्गचे हत्याकांड म्हणून नोंदली गेली आहे आणि ते नाव रास्तच आहे. प्रस्तुत टिपणात मात्र ती मारेकऱ्यांच्या किंवा बळी पडलेल्यांच्या बाजूने न पाहता, ज्यांच्या टेबलावर ती फिर्याद आली त्या माणसाच्या जागेवरून पाहिली आहे. गुलाम, शिपाई, घटनासमितीचे सदस्य, आमदार आणि दंडाधिकारी अशा पायऱ्या चढून आलेल्या रिव्हर्स यांच्यापुढे त्या चार दिवसांत कोणते पर्याय होते, त्यांनी कोणते निवडले आणि दुसरे काही निवडता आले असते का, एवढाच येथे प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : माणूस

प्रिन्स रिव्हर्स यांचा जन्म १८२० च्या दशकात, किनारपट्टीवरील ब्यूफोर्टच्या परिसरात गुलामगिरीत झाला. त्यांचे काम गाडीवानाचे होते आणि ब्यूफोर्टमधला पट्टीचा गाडीवान म्हणून त्यांचा लौकिक होता. ते लिहायला-वाचायला शिकले होते, आणि गुलामाने अक्षर ओळखणे हाच जेथे गुन्हा मानला जाई तेथे ही गोष्ट लहान नव्हती. गुलामांच्या काही गाऱ्हाण्यांसाठी त्यांनी राज्यपालांपुढे अर्ज ठेवला होता असे त्यांचे सोबती सांगत. अर्ज करून काही मिळते, निदान ऐकून तरी घेतले जाते, ही धारणा त्यांच्यात इतकी जुनी असावी.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्याने ब्यूफोर्ट आणि पोर्ट रॉयलचा भाग ताब्यात घेतला. मालकाने रिव्हर्स यांना किनाऱ्यापासून आत, एजफील्डकडे नेले होते. तेथून ते मालकाच्याच घोड्यावर बसून पळाले आणि संघराज्याच्या छावणीत दाखल झाले. त्यांना पकडून देणाऱ्यास २,००० डॉलर देऊ करणारे पत्रक चार्ल्स्टनच्या वाटेवर लावलेले होते, असे पुढे त्यांच्या रेजिमेंटचे प्रमुख कर्नल थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी नोंदवले आहे.

१८६२ च्या वसंतात जनरल डेव्हिड हंटर यांनी कृष्णवर्णीयांची पहिली तुकडी उभारली, तीत रिव्हर्स सार्जंट झाले. हंटर त्यांना सोबत न्यूयॉर्कला घेऊन गेले. ब्रॉडवेच्या रस्त्यावर एका काळ्या माणसाच्या बाहीवर सार्जंटच्या फिती पाहून जमाव अंगावर धावून आला. पोलीस मध्ये पडेपर्यंत रिव्हर्स यांनी एकट्याने तो थोपवून धरला. हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यात जमाव होता, थोपवून धरणारा माणूस होता आणि शेवटी पोलीस आले. चौदा वर्षांनी हॅम्बर्गमध्ये पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती.

हंटर यांची तुकडी विसर्जित झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली दक्षिण कॅरोलायना स्वयंसेवक रेजिमेंट उभी राहिली. १ जानेवारी १८६३ रोजी, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला त्या दिवशी, पोर्ट रॉयलजवळच्या कॅम्प सॅक्स्टनमध्ये ओकच्या झाडांखाली मोठा समारंभ झाला आणि रेजिमेंटची निशाणे रिव्हर्स आणि रॉबर्ट सटन यांच्या हाती देण्यात आली. निशाणाचा सार्जंट असण्याबरोबरच रिव्हर्स छावणीचे प्रोव्होस्ट सार्जंट होते. कैदी आणि छावणीची शिस्त त्यांच्याकडे असे आणि रोजचा लेखी अहवाल ते कर्नलना देत. प्रशासनाची एवढी कुवत आणि माणसांवर एवढी हुकमत आपल्या कोणत्याही गोऱ्या अधिकाऱ्यात नाही, असे हिगिन्सन यांनी त्यांच्याविषयी लिहिले. शिपायांचे त्यांच्यावर प्रेम नाही, पण ते नुसते समोर आले तरी माणसे वचकून असतात, हेही त्यांनीच नमूद केले आहे. हॅम्बर्गच्या सुनावणीत काय झाले हे समजून घेताना हे दुसरे वाक्य पहिल्याहून अधिक उपयोगी पडते.

आणखी एक अनुभव येथे जोडायला हवा. या शिपायांना गोऱ्यांइतका, म्हणजे महिना १३ डॉलर पगार कबूल झाला होता. पुढे तो १० डॉलरवर आणून त्यातले ३ कपड्यांसाठी कापायचे ठरले. त्यावर अर्ज, पत्रे आणि खेटे सुरू झाले, रेजिमेंटमधल्या अनेकांनी कमी पगार नाकारला आणि अखेर काँग्रेसने आधी १८६४ मध्ये व मग १८६५ मध्ये कायदे करून फरक मान्य केला. म्हणजे कागद फिरायला दोन वर्षे लागली, पण तो फिरला. फेब्रुवारी १८६६ मध्ये रेजिमेंटला निरोप मिळाला तेव्हा रिव्हर्स यांच्या गाठीशी हा अनुभव होता.

पार्श्वभूमी : गाव आणि राज्य

सॅव्हाना नदीच्या एका काठावर जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा हे भरभराटीचे शहर आणि समोरच्या काठावर दक्षिण कॅरोलायनातले हॅम्बर्ग. १८२१ मध्ये वसलेल्या या गावाला १८३३ साली चार्ल्स्टनहून आलेल्या १३६ मैलांच्या लोहमार्गाने चांगले दिवस दाखवले. त्या काळी जगात एवढा लांब लोहमार्ग दुसरा नव्हता. पुढे रूळ पूल ओलांडून ऑगस्टात गेले आणि हॅम्बर्गचा व्यापार बसला. युद्धानंतर ओस पडत चाललेल्या या गावात मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी घरे केली, दुकाने थाटली आणि गावकी आपल्या हाती घेतली. आजूबाजूला मात्र जुन्या मळेवाल्यांचा एजफील्ड भाग पसरलेला होता, आणि त्या भागाची ख्याती बंदूक लवकर उचलणाऱ्यांचा मुलूख अशी होती.

रिव्हर्स १८६७ मध्ये याच भागात मतदार नोंदणीच्या कामावर होते. १८६८ च्या घटनासमितीवर ते एजफील्डमधून निवडून गेले. १२४ सदस्यांच्या त्या समितीत बहुमत कृष्णवर्णीयांचे होते आणि तिने मालमत्तेची अट न घालता सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार तसेच सरकारी शाळांची तरतूद असलेली राज्यघटना लिहिली. त्याच वर्षापासून १८७४ पर्यंत रिव्हर्स राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. आपल्याकडे १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक दास्यमुक्तीच्या कामासाठी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांच्या सन्मानार्थ अर्पण केले, तेव्हा हा एकेकाळचा गुलाम राज्याच्या राजधानीत, कोलंबियाच्या सभागृहात बसून कायदे मंजूर करत होता. १८७१ मध्ये एजफील्ड आणि शेजारच्या काउंट्यांचे (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे) तुकडे जोडून एकेन ही नवी काउंटी निर्माण झाली. तिच्या शिल्पकारांत सॅम्युएल ली आणि चार्ल्स हेन यांच्याबरोबर रिव्हर्स यांचे नाव घेतले जाते. हॅम्बर्ग या नव्या काउंटीत आले. आमदारकी संपली तरी तेथले दंडाधिकारीपद रिव्हर्स यांच्याकडे होते आणि राज्याच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या सैन्यदलात, मेजर जनरलचा हुद्दाही होता. एका माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या असण्याचा हा योग पुढे नडणार होता.

१८७६ हे निवडणुकीचे वर्ष होते. त्या काळी कृष्णवर्णीय मतदारांचा पक्ष असलेल्या रिपब्लिकनांचे राज्यपाल डॅनियल चेंबरलेन यांच्याशी जुळवून घ्यावे की त्यांच्याविरुद्ध सरळ दंड थोपटावेत, यावर दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षात वाद चालला होता. गावोगावी गोऱ्यांचे ‘रायफल क्लब’, म्हणजे हत्यारबंद गट, निघाले होते. दुसरीकडे हॅम्बर्गच्या कृष्णवर्णीय मिलिशिया कंपनीची नव्याने जुळवाजुळव होऊन डॉक अ‍ॅडम्स तिचे कॅप्टन झाले होते. कंपनीच्या रायफली राज्य सरकारच्या मालकीच्या होत्या आणि पुलाजवळच्या सिब्ली इमारतीत ठेवलेल्या असत.

फिर्याद

४ जुलै हा स्वातंत्र्याचा शंभरावा वर्धापनदिन. अ‍ॅडम्स यांची कंपनी गावच्या मार्केट स्ट्रीटवर कवायत करत होती. हा रस्ता शंभर फुटांहून रुंद. वर्दळ कमी झाल्याने दोन्ही कडांना गवत माजलेले आणि मधोमध गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. थॉमस बटलर आणि हेन्री गेट्झन हे दोन गोरे तरुण शेतकरी बग्गीतून आले आणि त्या चाकोरीतूनच, म्हणजे कंपनीच्या रांगांमधून, वाट मागू लागले. बाजूला जागा होती असे अ‍ॅडम्स यांचे म्हणणे. नेहमीची वाट का सोडायची, असे बग्गीतल्यांचे. थोडा वेळ शब्दाला शब्द लागला, मग कंपनीने रांग उघडली आणि बग्गी निघून गेली.

कोणाला खरचटलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी थॉमसचे वडील आणि गेट्झनचे सासरे रॉबर्ट बटलर फिर्याद घेऊन रिव्हर्स यांच्याकडे आले. मिलिशियाने सार्वजनिक रस्ता अडवला, अशी ती फिर्याद होती.

पहिला निर्णय : फिर्याद दाखल करून घेणे

रिव्हर्स यांना ती परत पाठवता आली असती. रस्ता मोकळा झाला होता, नुकसान नव्हते, तक्रारीत दम नव्हता. पण फिर्यादी गोरा मळेवाला, आरोपी कृष्णवर्णीय कॅप्टन आणि न्यायासनावरही कृष्णवर्णीय, अशा स्थितीत फिर्याद नाकारणे म्हणजे काळ्यांच्या कोर्टात गोऱ्याला न्याय मिळत नाही या प्रचाराला आयता दाखला पुरवणे होते. शिवाय आदल्या दिवशीचे भांडण कोर्टात आले तर ते रस्त्यावर राहणार नाही, असाही हिशेब असणार. फिर्याद दाखल झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय योग्य होता आणि तीच माणसे पुन्हा त्याच जागी उभी केली तर बहुतेक दंडाधिकारी तोच घेतील.

दुसरा निर्णय : अवमान आणि तहकुबी

गुरुवारच्या सुनावणीत गेट्झन यांची साक्ष झाली. अ‍ॅडम्स यांनी उलटतपासणीत आणि न्यायासनाशी बोलतानाही सूर चढवला. रिव्हर्स यांनी त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला आणि सुनावणी शनिवारी, ८ जुलैला, दुपारी चार वाजेपर्यंत तहकूब केली.

प्रकरणाचा कणा येथे आहे, म्हणून थोडे थांबायला हवे. छावणीतल्या प्रोव्होस्ट सार्जंटला आपल्याच माणसाने तोंड वर करून बोललेले चालत नसे, आणि ती सवय न्यायासनावर बसल्याने सुटली नसावी. त्यापलीकडे विचार केला तर निःपक्षपातीपणा दाखवण्याची ही सर्वांत स्वस्त संधी होती, कारण आपल्याच बाजूच्या माणसाला फटकारलेले गोऱ्या फिर्यादीने डोळ्यांनी पाहिले. पण आरोपी आणि दंडाधिकारी यांच्यात जो विश्वास शनिवारी लागणार होता, तो गुरुवारीच खर्च झाला. अ‍ॅडम्स शनिवारी कोर्टात आले नाहीत याचे मुख्य कारण बाहेर जमलेल्या बंदुका होत्या, यात शंका नाही. तरीही आत बसलेला माणूस आपला बचाव करू शकेल वा करू इच्छील, असे मानायला अ‍ॅडम्स यांच्याकडे गुरुवारनंतर फारसा आधार उरला नव्हता.

तहकुबीचा विचार वेगळा करायला हवा. डोकी तापली असतील तर तारीख द्यावी, दोन दिवसांत राग ओसरतो, हा कोर्टाचा जुना शहाणपणा आहे आणि पगाराच्या लढ्यात थांबून काम होते हे रिव्हर्स यांनी पाहिले होते. येथे मात्र थांबण्याचा लाभ एकाच पक्षाला होणार होता. दोन दिवसांत एजफील्डहून माणसे जमवता येत होती, वकील करता येत होता आणि शनिवारची दुपार ही शेतावरचा आठवडा संपून माणसे रिकामी होण्याची वेळ होती. तारीख आणि वेळ जाहीर करून कोर्टाने जणू जमण्याचा मुहूर्तच काढून दिला.

शनिवार

शनिवारी रॉबर्ट बटलर यांचे वकील म्हणून मॅथ्यू बटलर आले. ते दक्षिणेच्या सैन्यातले माजी मेजर जनरल, १८६३ मध्ये ब्रँडी स्टेशनच्या लढाईत उजवे पाऊल गमावलेले आणि एजफील्डच्या गोऱ्यांचे पुढारी. त्यांच्या मागोमाग घोडेस्वार येऊ लागले आणि दुपार कलेपर्यंत शंभराहून अधिक हत्यारबंद माणसे गावात होती. त्यांत स्वीटवॉटर सेबर क्लबचे लोक होते आणि त्या क्लबात बेंजामिन टिलमन नावाचा एक तरुण शेतकरी होता.

बटलर यांनी नंतर सांगितल्यानुसार, त्यांनी रिव्हर्स यांना सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला : तुम्ही हे प्रकरण दंडाधिकारी म्हणून ऐकता आहात की मिलिशियाचे मेजर जनरल म्हणून? दंडाधिकारी म्हणून ऐकतो आहे, पण चौकशीत तसे निघाले तर प्रकरण लष्करी न्यायालयाकडे पाठवीन, असे रिव्हर्स यांचे उत्तर होते. वकिलाचा प्रश्न कसलेला होता. कायद्याच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते, व्यवहाराच्या दृष्टीने मात्र त्यामुळे दोन्ही टोप्या टेबलावर आल्या, आणि रस्ता अडवल्याची फिर्याद बघता बघता मिलिशियाच्या अस्तित्वाचा वाद होऊन बसली.

अ‍ॅडम्स हजर झाले नाहीत. ते सुमारे चाळीस माणसांनिशी सिब्ली इमारतीत होते. बटलर यांनी आता रस्त्याविषयी काही मागितलेच नाही. कंपनीने माफी मागावी आणि हत्यारे आपल्या स्वाधीन करावीत, ही त्यांची मागणी होती. मूळ फिर्यादीशी हिचा काही संबंध नव्हता आणि एका खाजगी वकिलाला राज्याच्या रायफली मागण्याचा कोणताही अधिकार नव्हता.

तिसरा निर्णय : निरोप्या होणे

रिव्हर्स यांच्यापुढे तेव्हा ढोबळपणे तीन वाटा होत्या. आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट काढून कोर्ट उठवणे आणि हत्यारांची मागणी न्यायालयाच्या कक्षेबाहेरची आहे, असे सांगून तिची दखलच न घेणे, ही पहिली. मेजर जनरल म्हणून कंपनीला थेट हुकूम देणे, मग तो गाव सोडून जाण्याचा असो वा हत्यारे पेटीबंद करण्याचा, ही दुसरी. दोन्ही बाजूंमध्ये येरझारा घालून काही मध्यम तोडगा काढणे, ही तिसरी.

त्यांनी तिसरी निवडली. ते आणि गावातले आणखी एक वजनदार गृहस्थ इमारतीकडे आणि बटलर यांच्याकडे फेऱ्या घालत राहिले. रायफली राज्याच्या असल्याने त्या अशा रीतीने कोणाच्या हाती देण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे अ‍ॅडम्स यांचे उत्तर होते. त्यावर रिव्हर्स यांनी सुचवले की, हत्यारे माझ्याकडे द्यावीत, मी ती पेट्यांत भरून राज्यपालांकडे पाठवतो. तेवढ्याने समाधान होईल का? साक्षीदारांनी सांगितले की, बटलर यांनी राज्यपालांना शिवी हासडली आणि हे सारे नोव्हेंबरच्या आत थांबणार नाही असे सुनावले. नोव्हेंबर म्हणजे मतदान. हत्यारे दिली तर गावाच्या सुरक्षिततेची हमी मिळेल का, या प्रश्नावर ते लोक कसे वागतात त्यावर अवलंबून राहील, असे उत्तर मिळाले.

पेट्यांचा तोडगा डोके चालवून काढलेला होता. त्यात कंपनीची अब्रू, राज्याची मालकी आणि बटलर यांची मागणी या तिन्हींना जागा होती. खरोखर हत्यारांचीच चिंता असती तर तो मान्य होण्यात अडचण नव्हती. तो धुडकावला गेला त्या क्षणी समोरच्याला हत्यारे नकोत, दुसरेच काही हवे आहे, हे उघड झाले. त्यानंतर वाटाघाटी करण्यासारखे काही उरले नव्हते आणि उरलेला वेळ माणसे गावाबाहेर काढण्यात घालवायला हवा होता, असे आज शांतपणे बसून म्हणता येते.

संध्याकाळी इमारतीला वेढा पडला. पहिली गोळी कोणी झाडली याविषयी दोन्हीकडचे जबाब परस्परांना छेद देतात. मॅकी मेरीवेदर हा गोरा तरुण मारला गेला. ऑगस्टाहून तोफ आणून इमारतीवर डागली गेली, आतले लोक मागच्या बाजूने निसटले, गावचा मार्शल जेम्स कुक त्या धावपळीत ठार झाला. अ‍ॅडम्स वाचले. सुमारे पंचवीस-तीस जण पकडले गेले आणि त्यांतल्या काहींना रात्री उशिरा नावे पुकारून नेऊन मारण्यात आले. त्यांत काउंटीचे कमिशनर असलेले अ‍ॅलन अ‍ॅटावे होते. घरे आणि दुकाने लुटली गेली.

चौथा निर्णय : कॉरोनरची चौकशी

रिव्हर्स यांनी लगेच कॉरोनर म्हणून मृत्यूंची चौकशी बसवली. (कॉरोनर ही संस्था मुंबईकरांना अनोळखी नसावी, आपल्याकडे ती १९९९ पर्यंत होती.) साक्षी नोंदवल्या गेल्या आणि ज्यूरीने ऐंशीहून अधिक गोऱ्यांची नावे घेऊन त्यांच्यावर ठपका ठेवला. त्यांत मॅथ्यू बटलर होते. टिलमनही आरोपींत होते. कैद्यांच्या हत्येशी आपला संबंध नव्हता, असे बटलर अखेरपर्यंत म्हणत राहिले.

जेथे काल रात्री तोफ चालली तेथे दुसऱ्या दिवसापासून दौत-टाक घेऊन बसणे आणि मारणाऱ्यांची नावे एकेक करून लिहून घेणे, याला लागणारी छाती ब्रॉडवेवरच्या प्रसंगाहून कमी नव्हती. तेथे समोर अनोळखी जमाव होता. येथे ज्यांची नावे लिहायची ती माणसे चार-दोन मैलांवर राहत होती.

फलित

राज्यपाल चेंबरलेन यांनी २२ जुलैला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना पत्र लिहिले. २६ जुलैच्या उत्तरात ग्रँट यांनी हॅम्बर्गची घटना क्रूर, रक्तपिपासू आणि अकारण घडवलेली असल्याचे म्हटले. सप्टेंबरमध्ये आरोपी एकेनला हजर झाले, जामिनावर सुटले आणि खटला निवडणुकीनंतरपर्यंत लांबणीवर पडला. १८७७ मध्ये संघराज्याचे सैनिक राजधानीतल्या सभागृहावरून हटले, वेड हॅम्प्टन यांचे डेमोक्रॅटिक सरकार स्थिर झाले आणि खटला कायमचा बासनात गेला. एकालाही शिक्षा झाली नाही.

मॅथ्यू बटलर १८७७ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले. १८९५ मध्ये त्यांची जागा टिलमन यांनी घेतली. ते त्याआधी राज्यपाल होऊन गेले होते. रिव्हर्स यांचे पद गेले. ते एकेन गावात, ज्या काउंटीच्या सीमा आखण्यात त्यांचा हात होता तिच्याच मुख्य ठिकाणी, पुन्हा गाडी हाकू लागले आणि १८८७ मध्ये वारले. हॅम्बर्ग पुराच्या पाण्याने हळूहळू नाहीसे झाले. शेजारच्या नॉर्थ ऑगस्टात १९१६ मध्ये एकट्या मेरीवेदरचा स्तंभ उभा राहिला. मारल्या गेलेल्या सर्वांची नावे असलेला फलक लागायला २०१६ उजाडले.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणावर चर्चा करताना एक कागद पुढे ठेवायलाच हवा. १९०९ मध्ये टिलमन यांनी जाहीर भाषणात अभिमानाने सांगितले की, काळ्यांकडून पहिली संधी मिळताच दंगल उसळवायची आणि त्यांना धडा शिकवायचा, हे एजफील्डच्या प्रमुख गोऱ्यांनी आधीच ठरवलेले होते. हे खरे धरले, आणि न धरण्याचे कारण दिसत नाही, तर रिव्हर्स यांच्या कोणत्याही निर्णयाने रक्तपात टळला असता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. फार तर तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या शनिवारी झाला असता. तेव्हा चुकांची जी चर्चा करायची ती मारेकऱ्यांचे ओझे दंडाधिकाऱ्याच्या खांद्यावर न टाकता.

तरी तीन जागा उरतात. गुरुवारी अवमानाची कारवाई न करता अ‍ॅडम्स यांना समज देऊन फिर्याद त्याच बैठकीत, अगदी नाममात्र दंड करून का होईना, निकाली काढता आली असती. निकाल लागलेल्या फिर्यादीसाठी वकील घेऊन येण्याचे निमित्त राहिले नसते, आणि निमित्तालाही किंमत असते, कारण फिर्यादीचा वकील म्हणून आल्यानेच बटलर यांना अंगावर कायद्याची झूल घालता आली. तहकुबी अपरिहार्य होती असे मानले तरी सुनावणी गावाबाहेर, काउंटीच्या मुख्य ठिकाणी एकेनला नेण्याचा विचार करण्याजोगा होता.

दुसरी जागा शुक्रवारची. ७ जुलैला काय हालचाल झाली याविषयी उपलब्ध हकिगतींत फारसे काही सापडत नाही, आणि हे रिकामेपणच बोलके आहे. राजधानी कोलंबिया सत्तर-पंचाहत्तर मैलांवर होती आणि नदीपलीकडच्या ऑगस्टातून तार जात होती. तारेने सैन्य आले असते असे नव्हे, कारण राज्यपालांकडे पाठवण्याजोगे बळ फारसे नव्हतेच. पण राज्याच्या हत्यारांविषयीचा लेखी हुकूम शनिवारी दुपारी रिव्हर्स यांच्या खिशात असता तर पेट्यांची सूचना त्यांची एकट्याची उरली नसती.

तिसरी जागा दोन टोप्यांची, आणि येथे मत ठाम करणे अवघड जाते. मेजर जनरल म्हणून त्यांनी तिन्हीसांजेपूर्वी कंपनीला इमारत सोडून पांगण्याचा हुकूम दिला असता, तर कदाचित अ‍ॅटावे आणि इतर वाचले असते. पण तो हुकूम अ‍ॅडम्स यांनी मानला असता का? गुरुवारी ज्याने आपल्याला चारचौघांत फटकारले त्याच्या शब्दावर, बाहेर शंभर बंदुका उभ्या असताना, चाळीस माणसे भिंतीचा आडोसा सोडून निघाली असती का? शिवाय पांगलेल्या माणसांना अंधारात घरोघर शोधून मारणे त्या जमावाला कठीण नव्हते, आणि हे रिव्हर्स यांनाही दिसत असणार. ते दुपारभर त्या शंभर फुटी रस्त्यावरून इमारतीकडे आणि परत चालत राहिले, ते कदाचित यामुळेच.